बेबीताई आणि मांडवखेडची कन्या शाळा

मांडवखेडात कोणालाही विचारा, कन्या शाळा कोणी काढली, तर तो सांगेल, जिल्हा परिषदेनं. बेबीताई अंबाडकरांना मात्र विचारू नका. विचारायचंच असेल तर आधी बसायला चांगली जागा बघून घ्या आणि उशीर होईल म्हणून घरी सांगून या.

बेबीताईंचं म्हणणं असं की शाळा निघाली ती त्यांच्यासाठी. एवढी हुशार पोरगी सातवीनंतर घरी बसणार, हे गावाला बघवलं नाही, म्हणून शाळा आली. गाव यावर मान वळवून हसतं. पण गंमत अशी की शाळा खरोखरच त्यांच्यामुळे आली. फक्त कारण हुशारी नव्हतं.

बहात्तर सालची गोष्ट. तिवशाच्या रस्त्यावरून आत वळलं की मांडवखेड लागतं. त्या वेळी गावात सातवीपर्यंतची शाळा होती आणि त्यापुढे हायस्कूल होतं. हायस्कूलमध्ये पोरींनी येऊ नये असा काही नियम नव्हता, पण एकही पोरगी जात नव्हती आणि कोणी जाऊन बघतही नव्हती. सातवी झाली की पोरगी वावरात, नाही तर चुलीपाशी.

बेबीची आई गोदाबाई. घरचा छोटासा मळा होता, विहिरीला पाणी होतं. वांगी, मेथी, भेदरं, सांबार असं काय काय काढून गोदाबाई आठवडी बाजारात बसायची. भेदरं म्हणजे टमाटे आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचा पाहुणा आला की त्याला हे समजावून सांगायचं काम बेबीताई आजही मोठ्या दयेनं करतात. सातवी पास झालेली बेबी आईच्या मदतीला बाजारात बसू लागली आणि दोन-तीन बाजारांतच धंदा बसला.

एखादी बाई वांगं उचलून दाबून पाहायला लागली की बेबी म्हणे, ‘‘काहून दाबून राहिल्या? घ्याचं असन त घ्या, नाई त ठेवा. ते काय तुमचं पोट्टं हाये?’’

बाई वांगं ठेवायची आणि पलीकडच्या टोपलीकडे जायची. कोणी भाव कमी कर म्हटलं तर बेबी त्याला त्याच्याच घरचे किस्से ऐकवायची. गोदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या टोपलीवाल्या तानुबाईला ती म्हणाली, ‘‘हिले घरी ठेवलं त माया जावांशी भांडते, इथी आनलं त गिऱ्हाइकाशी. शाळा होती थे बरं होतं माय. तिथी भांडाले गुरुजी तरी होते.’’

आणि मग तिला खुशालरावांचं भाषण आठवलं.

खुशालराव हे गावातले मोठे कास्तकार, म्हणजे शेतकरी. त्याच वर्षी ते पंचायत समितीला निवडून आले होते. पारावरच्या प्रचारसभेत त्यांनी गावाला कालवा दिला होता, दवाखाना दिला होता, आणि टाळ्या थांबेनात तेव्हा भरात येऊन म्हटलं होतं, ‘‘माया माय-बहिनीयनो, तुमच्या पोरींसाठी कन्या शाळा आनल्याबिगर हा खुशाल घरी जेवनार नाई!’’ त्यानंतर ते घरी गेले आणि जेवले. सभेतल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाषण हे भाषणच असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोदाबाई पहिल्यांदाच सभेला गेली होती, तिला ठाऊक नव्हतं.

ती सरळ त्यांच्या घरी गेली. ‘‘खुशालभाऊ, शाळेचं काय झालं?’’

‘‘कोनती शाळा?’’

‘‘पोरींची. तुमी म्हटलं होतं.’’

‘‘हाव हाव. होईन ना. सरकारी काम हाये, गोदाबाई. धीर धरा.’’

‘‘मी धरतो धीर. पन माई पोरगी धरत नाई,’’ गोदाबाई म्हणाली आणि निघून आली.

पुढच्या बाजारी तिनं टोपली उचलली आणि खुशालरावांच्या फाटकासमोरच मांडली. जीप बाहेर काढायची तर आधी मेथी उचलायला लागायची. गोदाबाई कधी नाही म्हणाली नाही. निवांत उठायची, एकेक जुडी बाजूला ठेवायची, जीप गेली की परत मांडायची आणि दर वेळी विचारायची, ‘‘शाळेचं झालं काय भाऊ?’’ पुढच्या बाजारी तानुबाई आली. तिच्या मागून आणखी चार-पाच जणी आल्या. यात तत्त्वाचा भाग थोडा आणि सावलीचा जास्त होता. फाटकासमोरचा कडुनिंब बाजारातल्या कुठल्याही झाडापेक्षा मोठा होता. बघता बघता अख्खा भाजीबाजार खुशालरावांच्या दारात आला. बकऱ्या आल्या. सडक्या पानांचा वास ओसरीपर्यंत आला. घरच्या बायका खुश होत्या, कारण भाजी दारात मिळत होती. पण आमदार चहाला आले आणि त्यांचा पाय सडक्या वांग्यावरून घसरला, त्या दिवशी खुशालरावांनी कपडे केले आणि अमरावतीची गाडी धरली. ते नंतरही जात राहिले. कोणाच्या हातापाया पडले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या जूनमध्ये कन्या शाळेची मंजुरी आली.

मंजुरी आली पण पोरी येईनात. आठवीचा वर्ग भरायला लागतील तेवढ्या पोरी दाखवायच्या होत्या आणि गावातले बाप एकमेकांकडे बघत होते, आधी तुझी जाऊ दे म्हणून. शेवटी खुशालरावांना स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी लागली. त्यांची मुलगी लहान होती. पण धाकट्या भावाची नवी बायको सुभद्रा माहेरहून सातवी पास होऊन आली होती. तिचं नाव आठवीत घातलं. अशी मांडवखेडच्या कन्या शाळेची पहिली विद्यार्थिनी मंगळसूत्र घालून, डोक्यावर पदर घेऊन शाळेत आली. बेबी तिच्या बाकावर बसली आणि तिला शाळा संपेपर्यंत वहिनीच म्हणत राहिली. ‘‘वहिनी, पेन्सिल द्या ना.’’ ‘‘वहिनी, तुमाले येते काय हे गनित? मंग दाखवा की.’’

शाळेला इमारत नव्हती. जिनिंगचं एक रिकामं गोडाऊन मिळालं. पलीकडे सरकी निघायची आणि इकडे भूगोल चालायचा. कापसाचे तंतू उडून पोरींच्या केसांवर बसत. संध्याकाळी घरी गेल्यावर आया म्हणत, पोरगी एका दिवसात म्हातारी झाली. हेडमास्तर म्हणून आले भगवंत गुरुजी. अत्यंत सज्जन माणूस, पण जन्मभर पोरांना शिकवलेलं. पोरींकडे तोंड करून बोलायची त्यांना इतकी लाज वाटे की पहिले काही महिने त्यांनी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं. बेबीताई म्हणतात, ‘‘गुरुजींची पाठ मी अंधारातई ओळखली असती. तोंड दिवाळीनंतर पाह्यलं.’’

त्या वर्षीचा सव्वीस जानेवारी गावात अजून सांगतात. झेंडावंदनाला पाहुणे म्हणून खुशालराव आले. वर्गाची सेक्रेटरी होती सुभद्रा, तेव्हा हुकूम तिनंच द्यायचा. आता खुशालराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर तोंड उघडणं सोडा, सावली पडू द्यायची नाही, अशी घरची रीत. सुभद्रा उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. गुरुजी घामाघूम झाले. रांगेतून बेबी दबक्या आवाजात म्हणाली, म्हणजे तिला दबका वाटणाऱ्या आवाजात, ‘‘वहिनी, तोंडावर पदर घ्या अन् बोंबला!’’

सुभद्रानं हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि आतून असा खणखणीत आवाज काढला, ‘‘सावधान!’’ की पोरी तर ताठ झाल्याच, पण खुर्चीवर रेलून बसलेले खुशालरावही ताडकन उठून उभे राहिले. ‘विश्राम’ म्हणायचं सुभद्रा विसरली. पूर्ण कार्यक्रम भासऱ्यांनी सावधानमध्ये काढला.

दहावीच्या परीक्षेत सुभद्रा शाळेत पहिली आली. बेबी गणितात नापास झाली. पेपर चुकीचा काढला होता असं तिचं मत होतं. ऑक्टोबरमध्येही पेपर चुकीचाच निघाला. मग सुभद्रानं तिला आपल्या स्वयंपाकघरात बसवून, भाकरी थापता थापता गणित शिकवलं आणि पुढच्या खेपेला बोर्डानं पेपर बरोबर काढला.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल बेबीताई सहसा बोलत नाहीत. पहिली आलेली सुभद्रा पुढे शिकली नाही. तिला कोणी नको म्हटलं नाही, पण कोणी हो सुद्धा म्हटलं नाही. त्या घराला वाटलं, शाळेचा पट भरायचा होता तो भरला. आणि कशीबशी पास झालेली बेबी अमरावतीला जाऊन खेळाच्या शिक्षिकेचा कोर्स करून आली आणि त्याच शाळेत बाई म्हणून लागली. पहिल्या पगाराच्या दिवशी ती पेढे घेऊन सुभद्राकडे गेली. सुभद्रानं पेढा खाल्ला आणि पहिलं पाढ्यांचं विचारलं, ‘‘पोट्ट्याइले पहाडे म्हनाले लावतं काय? का नुसतं पळवतं?’’ बेबीताईंनी उत्तराऐवजी दुसरा पेढा पुढे केला. त्यांच्या आयुष्यात असे प्रसंग मोजकेच आले.

पळवलं मात्र त्यांनी खूप. तोवर शाळेला स्वतःची इमारत झाली होती आणि मागे काळ्या मातीचं मैदान होतं. पावसाळ्यात त्यात पाय फसत आणि उन्हाळ्यात भेगांत. त्या मैदानावर बेबीताईंनी खो-खोचा संघ उभा केला आणि एकदा तो विभागीय स्पर्धेसाठी अकोल्याला नेला. ‘‘आमी अकोला गाजवलं,’’ असं त्या सांगतात. गाजवलं हे खरं आहे. अंतिम सामन्यात पंचांनी एक पोरगी बाद दिली, बेबीताई मैदानात शिरल्या आणि पंचांशी त्यांनी एवढा वाद घातला की संघच बाद झाला. परतीच्या एसटीत पोरी रडत होत्या. बेबीताई सीटवरून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘चूप बसा. जिंकलो असतो त एकच कप भेटला असता. आता आपलं नाव साऱ्या विभागाले मालूम झालं.’’

मधल्या काळात त्यांचं लग्न झालं. नत्थुजी अंबाडकर हे फुलं पिकवणारे, अतिशय मऊ गृहस्थ. पाहायला आले तेव्हा मुलीनंच विचारलं, ‘‘माई नोकरी राहीन ना?’’ नत्थुजी म्हणाले, ‘‘मले बोलाची सवय नाई. तुमी म्हनसान तसं.’’ या उत्तरावर ते चाळीस वर्षं ठाम आहेत.

बेबीताई निवृत्त झाल्या तेव्हा शाळा भरलेली होती. नंतर ती हळूहळू रिकामी व्हायला लागली. सकाळी पिवळ्या बसगाड्या गावात शिरत आणि टाय लावलेल्या पोरी तिवशाला, अमरावतीला इंग्रजी शाळांत घेऊन जात. हेडमिस्ट्रेस म्हणून रूपाली मॅडम आल्या होत्या. या बेबीताईंच्याच विद्यार्थिनी. खो-खोत सगळ्यांत आधी बाद व्हायच्या, हे बेबीताई स्टाफरूममध्येही सांगत. एके दिवशी मॅडम चिंतातुर होऊन बेबीताईंच्या घरी आल्या.

‘‘बाई, पट असाच राहिला तर पुढच्या वर्षी आपली शाळा हायस्कूलमध्ये विलीन करतील, असं ऐकते आहे.’’

‘‘कोन करते? त्याचं नाव सांग मले,’’ बेबीताई म्हणाल्या आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागल्या.

‘‘नाव नाही बाई. पोरी पाहिजेत.’’

मग मागे रूपाली मॅडमना बसवून बेबीताई घरोघर फिरल्या. निम्म्या घरांतल्या आया त्यांच्याच विद्यार्थिनी. बाई आल्या म्हटल्यावर त्या धावत यायच्या, पाया पडायच्या, चहा करायच्या, मैदानाच्या आणि अकोल्याच्या गोष्टी काढून हसायच्या, आणि पोरीचं नाव घालायचं म्हटलं की साखर आणायला आत जायच्या. शेवटी आरती नावाच्या एकीनं स्पष्टच विचारलं. ही त्यांच्या संघातली सगळ्यांत चपळ खेळाडू.

‘‘बाई, राग नका मानू. तुमच्या अमोलची पोरगी कोन्या शाळेत जाते?’’

अमोल म्हणजे बेबीताईंचा मुलगा. अमरावतीला नोकरीला होता आणि त्याची पोरगी पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात होती. तिला तिथे प्रवेश मिळावा म्हणून बेबीताईंनी स्वतः रांग लावली होती. रूपाली मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. बेबीताईंनी चहा गरम असतानाच संपवला आणि उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी अमोलला फोन लावला, नातीला मांडवखेडच्या शाळेत पाठवायचा हुकूम दिला. अमोल म्हणाला, ‘‘आई, रोज अमरावतीहून?’’ मग त्या त्याच्यावर ओरडल्या, मग फोन ठेवला, मग नत्थुजींवर ओरडल्या. नत्थुजी शेवंतीला पाणी द्यायला गेले. बेबीताई उठून सुभद्राकडे गेल्या.

सुभद्रा आता आजी झाली होती. खुशालराव केव्हाच गेले होते आणि डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘जेच्या दारात बस येते तेच्या दारात तू कायले जातं?’’ ती म्हणाली. ‘‘जिथी बस जात नाई तिथी जाय.’’

दुसऱ्या दिवशी बेबीताईंची स्कूटी आडबाजूच्या गावांकडे वळली. तिथल्या शाळा अजूनही सातवीलाच संपत होत्या. त्यातल्या एका गावात, संत्र्याच्या बागेत, बुधाजी आणि त्यांची पोरगी चंदा झाडांना आळी करत होते. चंदा सातवी पास होऊन घरी होती.

‘‘मास्तरीनबाई, मले काय पोरगी घरी ठेवाची हाऊस हाये?’’ बुधाजी म्हणाले. ‘‘शाळा तुमची साडेदहाले भरते. यष्टी गावात येते साडेअकराले. पोरगी काय उडून येईन?’’

बाजूच्या गावांतही तेच. पोरी होत्या, बापांची तयारी होती, गाडी नव्हती. बेबीताई डेपोत गेल्या. तिथले साहेब शेखर नावाचे, फार अदबीचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की गाड्या कमी, चालक कमी. वेळ बदलली तर पुढच्या दहा गावांची गाडी चुकते. बेबीताईंनी आवाज चढवून पाहिला. साहेबांनी परत पाणी दिलं. भांडणाला समोरचा माणूसच मिळेना, हा अनुभव त्यांना नवा होता.

संध्याकाळी त्या सुभद्राच्या ओसरीवर येऊन बसल्या. ‘‘यष्टी हालत नाई म्हनते.’’

सुभद्रा तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मंग शाळा हालव.’’

‘‘मंजे?’’

‘‘मंजे बाराले भरव. गनित तुले तवाई येत नव्हतं.’’

बेबीताईंना हे पटायला रात्र लागली, कारण उशिरा येणाऱ्या पोरीला मैदानाला चकरा मारायला लावणं हाच त्यांच्या नोकरीचा पाया होता, आणि आता अख्खी शाळाच उशिरा भरवायची होती. सकाळी त्या रूपाली मॅडमकडे गेल्या. मॅडमनी अमरावतीला खेटे घालून परवानगी आणली. शिक्षक विरोध करतील म्हणून बेबीताई कंबर कसून मीटिंगला गेल्या. पण निम्मे शिक्षक अमरावतीहून अप-डाऊन करणारे, सकाळी धावत गाडी पकडणारे. बाराची शाळा म्हटल्यावर त्यांनी असे काही हात वर केले की बेबीताईंनी पाठ करून आणलेलं भाषण तसंच राहिलं. ते त्यांनी नंतर शिपायाला ऐकवलं.

जूनमध्ये यष्टी आली आणि तिच्यातून पोरी उतरल्या. पहिल्या दिवशी थोड्या, पोळ्यापर्यंत बऱ्याच. त्या वर्षी विलीनीकरणाचं नाव निघालं नाही. पुढे काय होईल ते रूपाली मॅडमना माहीत नाही; त्या म्हणतात, यंदाचं यंदा झालं.

त्याच वर्षी शाळेला पन्नास वर्षं झाली. कार्यालयात खुशालरावांचा मोठा फोटो होताच. मॅडम म्हणाल्या, गोदाबाईंचाही लावू. तेव्हा लक्षात आलं की गोदाबाईचा फोटोच नाही. घर पालथं घातल्यावर एकच सापडला, मतदार ओळखपत्रावरचा. फोटो काढणाऱ्यानं मान सरळ करा म्हणून दोनदा सांगितलं असावं, कारण म्हातारीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं होतं. तोच मोठा करून, चौकट घालून लावला. आता कार्यालयात शिरणारा प्रत्येक साहेब आधी टोपी नाही तर शर्ट नीट करतो, मग बसतो.

समारंभात बेबीताईंना बोलायला पाच मिनिटं दिली होती. त्या किती वेळ बोलल्या हे सांगण्यात अर्थ नाही. शेवटच्या यष्टीच्या पोरी मधूनच उठून गेल्या एवढं खरं. बोलताना त्यांनी सुभद्राला समोरच्या रांगेतून वर बोलावलं. ‘‘ही या शाळेची पहिली विद्यार्थिनी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिले पुढं शिकाले भेटलं नाई. माया जागी ही असती त...’’ आणि तिथे त्या थांबल्या. रूपाली मॅडमना वाटलं, बाईंना पाणी हवंय. सुभद्रानं माईक आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, ‘‘त पोट्ट्याइले पहाडे आले असते.’’ मंडप हसला. बेबीताईही हसल्या, पण चष्मा काढून पुसत राहिल्या, बराच वेळ.

आता सुभद्रा रोज दुपारी शाळेत येते आणि गणितात कच्च्या पोरींना शेवटच्या वर्गात घेऊन बसते. तिच्या नातवंडांना हे आवडलेलं नाही, कारण दुपारचा चहा आता त्यांना स्वतः करावा लागतो. बेबीताई मैदानात असतात. चाचणी परीक्षा चालू असताना शिटी वाजवू नका असं रूपाली मॅडमनी त्यांना दोनदा सांगितलं. परवा तिसऱ्यांदा सांगायला त्या बाहेर आल्या, तर चंदा खो मिळून उठलेल्या पोरीला चुकवून अशी काही पळत होती की मॅडम बोलायचं सोडून बघत उभ्या राहिल्या.

‘‘पाह्य,’’ बेबीताई त्यांना म्हणाल्या, ‘‘याले म्हनतात पळनं. तू काहून आउट व्हायची, समजलं?’’

‘‘हो बाई,’’ हेडमिस्ट्रेस म्हणाल्या आणि आत गेल्या.